लहान ग्रीक बंदर हवंय? सीरोसच्या एर्मूपोलीत चार रात्री राहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही दोघं आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा ग्रीसला जाताय. अथेन्स पाहून झाल्यावर हातात पाच दिवस उरतात. सांतोरिनीची गर्दी नको, एखादं लहानसं बंदराचं गाव हवं. बाबांचे गुडघे दुखतात, आई पूर्ण शाकाहारी आहेत. कुठलं बेट घ्यावं, किती दिवस राहावं आणि बोटीचं कसं जमवावं?

माझं उत्तर: सीरोस बेट, एर्मूपोली गाव, चार रात्री. पाचवी रात्र अथेन्सला परत येऊन काढायची. ती पाचवी रात्र कुणी काहीही सांगितलं तरी सोडू नका. कारण पुढे वाऱ्याबद्दल लिहितो तिथे येईल.

मी बोटीवर इंजिनियर होतो आणि नोकरीची बरीच वर्षं ग्रीक मालकांच्या जहाजांवर गेली. नव्वदच्या दशकात आमचं जहाज दुरुस्तीसाठी सीरोसच्या निओरिओन गोदीत चढवलं होतं आणि पाच आठवडे मी एर्मूपोलीत अडकलो. दिवसभर इंजिन उघडून बसायचं, संध्याकाळी हातावरचं काळं तेल घासून काढायचं आणि गावात जायचं. त्या पाच आठवड्यांत हे गाव मनात बसलं ते बसलंच. नंतर रजेत बायकोला घेऊन गेलो, आणि निवृत्तीनंतर ओळखीच्या लोकांचे सहा-आठ जणांचे गट नेतो आहे. त्यामुळे खाली लिहितो ते बहुतेक सगळं माझ्या पायाखालचं आहे.

सीरोसच का? एजियन समुद्रातली पुष्कळ लहान बंदरं उन्हाळ्यात उघडतात आणि ऑक्टोबर सरला की मिटतात. तिथली निम्मी दुकानं फक्त आपल्यासारख्यांसाठी असतात. एर्मूपोली तसं नाही. सिक्लाडीस या बेटसमूहाच्या सगळ्या कारभाराचं हे मुख्य ठिकाण. इथे न्यायालय आहे, एजियन विद्यापीठाचा एक विभाग आहे, जहाजाची गोदी आहे, आणि तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बेटाचं मोठं सरकारी रुग्णालय गावातच आहे. आई-बाबा बरोबर असताना या एका गोष्टीने रात्री झोप नीट लागते. बेटावर साधारण 21 हजार माणसं राहतात, त्यातली निम्म्याहून अधिक एर्मूपोलीत. तुम्ही सकाळी भाजी घ्यायला गेलात तर तुमच्या आधी रांगेत वकीलही असतो आणि वेल्डरही.

आता बोट. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून सीरोस साधारण 80 सागरी मैल आहे. दोन प्रकारच्या बोटी मिळतात. मोठी गाड्या वाहणारी बोट साडेतीन ते चार तास घेते आणि जलद बोट दोन-अडीच तास. तिकिटांच्या साइटवर तुम्हाला जलद बोट आधी दिसेल आणि वेळ वाचल्यासारखं वाटेल. ती घेऊ नका. जलद बोटीत विमानासारखं खुर्चीत बसून राहायचं असतं, उघडा डेक बहुधा मिळत नाही, आणि थोडा जरी समुद्र खवळला तरी निम्मी बोट पिशव्या हातात धरून बसलेली दिसते. मोठ्या बोटीवर बाबा पाय मोकळे करू शकतील, आई डेकवर वाऱ्याला बसतील, कॉफी मिळेल, लिफ्ट किंवा सरकता जिना असतो. बसायला नंबर असलेली खुर्ची घ्या. साध्या डेकच्या तिकिटापेक्षा थोडेच युरो जास्त पडतात आणि जागा शोधत फिरावं लागत नाही.

पिरेअसला मेट्रो जाते. 2022 पासून तर विमानतळावरची तिसरी लाइन थेट तिथपर्यंत आहे. पण बंदर अफाट आहे, एका गेटपासून दुसरं गेट कधी कधी दोन किलोमीटरवर. बोट कुठल्या गेटला लागणार ते आदल्या दिवशी नक्की करून घ्या आणि सामान व आई-बाबा असताना सरळ टॅक्सीने त्या गेटवर उतरा. मेट्रोत बंदराच्या दिशेने जाताना खिसेकापू असतात, पासपोर्ट पोटाशी ठेवा. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच असू द्या.

सीरोसला उतरतानाचा प्रकार आधी समजून घ्या, कारण पहिल्यांदा जाणारा माणूस तिथे गांगरतो. बोट पोचायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी घोषणा होते आणि उतरणारे सगळे खाली गाड्यांच्या मजल्यावर जाऊन उभे राहतात. तुमच्या बॅगाही तिथेच, ज्या फळीवर सीरोस लिहिलंय तिथे ठेवलेल्या असतात. चुकून दुसऱ्या बेटाच्या फळीवर ठेवलीत तर बॅग पुढच्या बंदरात उतरते. बोट धक्क्याला आडवी लागत नाही. बंदराच्या मध्यावर कप्तान ती गोल फिरवतो, पुढून नांगर सोडतो आणि बोट पाठमोरी धक्क्याकडे सरकू लागते. नांगराची साखळी घडघडत उतरते ती तुमच्या पायांना जाणवते. मागचं लोखंडी दार आधीच अर्धं उघडलेलं असतं, त्यातून ऊन, डिझेलचा वास आणि गाव एकदम आत येतं. खलाशी दोरखंड फेकतात, ते दारच धक्क्यावर टेकतं आणि माणसं, स्कूटर, ट्रक सगळं एकाच वेळी बाहेर पडतं. बोट इथे काही मिनिटंच थांबते. आई-बाबांना बाजूच्या भिंतीलगत उभं करा, पहिली झुंबड जाऊ द्या आणि मग निवांत उतरा.

तुमच्या बाबांचं बालपण रत्नागिरीकडचं, असं तुम्ही लिहिलंय. मग त्यांना भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकण बोट नक्की आठवत असेल. ती बोट पुष्कळ बंदरांत दूर समुद्रातच नांगर टाकायची आणि माणसं पडावात उतरून किनारा गाठायची. एर्मूपोलीच्या धक्क्यावर त्यांना शेजारी उभं करून एखादी बोट लागताना पाहू द्या. मी माझ्या वडिलांना नेलं होतं तेव्हा ते रोज संध्याकाळी फक्त तेवढ्यासाठी धक्क्यावर जाऊन बसत.

आता वारा, आणि ती पाचवी रात्र.

एजियनमध्ये उन्हाळाभर उत्तरेकडून एक कोरडा, जोरदार वारा वाहतो. त्याला मेल्तेमी म्हणतात. आकाश निळंभोर, ऊन लख्ख आणि समुद्र मात्र पांढरा फेसाळलेला. आपल्याला हे पटत नाही, कारण आपल्याकडे वादळ म्हणजे काळे ढग. गंमत अशी की या वाऱ्याचं मूळ थोडंसं आपल्याकडेच आहे. पावसाळ्यात भारतावर जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो, त्याचं शेपूट इराणच्या आखातावरून थेट तुर्कस्तानापर्यंत पोचतं. बाल्कन देशांवर दाब जास्त, तुर्कस्तानावर कमी, आणि मधल्या एजियनमधून वारा सुसाट. कोकणात आषाढ-श्रावण बरसत असतो तेव्हा तिकडे मेल्तेमी ऐन जोरात असतो. सप्टेंबरमध्ये आपला मोसमी पाऊस परतू लागतो तसा तोही ओसरतो, म्हणून तुमची तारीख चांगली आहे. समुद्राचं पाणी मात्र तोवर उन्हाळाभर तापलेलं असतं.

पण ओसरतो म्हणजे थांबतो असं नाही. वारा साधारण 8 बोफर्टच्या (बोफर्ट हे वाऱ्याच्या जोराचं माप) घरात गेला की तटरक्षक दल बोटी सोडायला बंदी घालतं. तिथे या बंदीला आपागोरेफ्तिको म्हणतात. हा शब्द पाठ करा, कारण धक्क्यावर कुजबुज सुरू झाली की हाच कानावर पडेल. जलद बोटी त्याच्याही आधी बंद होतात, मोठ्या बोटी सगळ्यात शेवटी. बोट रद्द झाली तर तिकिटाचे पैसे किंवा पुढची बोट मिळते, पण तुमचं विमान थांबत नाही. मी स्वतः एकदा संध्याकाळच्या विमानाच्या भरवशावर सकाळची बोट धरली होती. आयुष्यभर समुद्रावर काढलेल्या माणसाने ही चूक करायला नको होती. बोट सुटली नाही, दीड दिवस धक्क्यावर गेला आणि चार जणांची नवी विमानतिकिटं माझ्या खिशातून गेली. तेव्हापासून माझा नियम एकच: बेटावरून निघायचं ते विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी.

या वाऱ्याची बेटावरची सगळ्यात जुनी खूण सीरोसच्या वायव्य टोकाला आहे. तिथे ग्रामाता नावाची एक खाडी आहे. ग्रामाता म्हणजे अक्षरं. मेल्तेमीत अडकलेली गलबतं हजारो वर्षं तिथे आसऱ्याला येत, आणि वारा पडायची वाट पाहत बसलेल्या खलाशांनी खडकावर आपली नावं आणि सुखरूप प्रवासाच्या प्रार्थना कोरून ठेवल्या आहेत. तिथे जायला होडी लागते, पायवाट लांबची आणि दगडांची आहे, तेव्हा आई-बाबांना जमणार नाही. पण समुद्र शांत असेल आणि होडीवाला तयार असेल तर तुम्ही दोघं जाऊन या. मी तिथे पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा बराच वेळ काही बोलू शकलो नाही.

राहायची जागा धक्क्यापासून सपाट रस्त्याने जाता येईल अशीच घ्या. एर्मूपोली डोंगरउतारावर चढत गेलेलं गाव आहे आणि साइटवर सुंदर दिसणारी पुष्कळ घरं शंभर पायऱ्या वर असतात. घरमालकाला आधी स्पष्ट विचारा की रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत आणि आत लिफ्ट आहे का. धक्का, बाजाराची गल्ली आणि मियाऊली चौक हा सगळा पट्टा जवळजवळ सपाट आहे. बाबांचं सगळं फिरणं त्यात होईल. रस्त्यावरचा संगमरवर वर्षानुवर्षं पायांनी घासून गुळगुळीत झालाय, बुटाचा तळवा चांगला पकड घेणारा असू द्या. खोलीमागे रोजचा एक सरकारी हवामान-कर हॉटेलात वेगळा द्यावा लागतो, तो धरून हिशेब करा. आणि बाथरूममध्ये कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. तिथले पाइप अरुंद असतात.

गावाची गोष्ट माहीत असेल तर चौकात बसून जास्त दिसतं. दोनशे वर्षांपूर्वी इथे खाली धक्क्याशी जवळजवळ काही नव्हतं. वस्ती होती ती डोंगरावरच्या आनो सीरोसमध्ये, व्हेनिसच्या सत्तेच्या काळापासूनची, कॅथलिक लोकांची. 1821 मध्ये तुर्कांविरुद्ध ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, 1822 मध्ये हीओस बेटावर कत्तल झाली, 1824 मध्ये प्सारा बेट उद्ध्वस्त झालं. सीरोसचे कॅथलिक फ्रान्सच्या संरक्षणाखाली होते, त्यामुळे हे बेट लढाईबाहेर राहिलं आणि निर्वासितांच्या होड्या इथे येऊन लागल्या. हाती काही नसलेल्या या माणसांना व्यापार आणि समुद्र एवढंच येत होतं. त्यांनी धक्क्यालगत गाव वसवलं आणि व्यापाराचा देव हेर्मीस याच्या नावावरून त्याला एर्मूपोली म्हटलं. काही दशकं हे ग्रीसचं सगळ्यात गजबजलेलं बंदर होतं. निओरिओन गोदी 1861 ची, अपोलो नाट्यगृह 1864 चं. नगरपालिकेची इमारत एर्न्स्ट त्सिलर या जर्मन वास्तुकाराने आखली, आणि एवढ्याशा गावाला ती इतकी मोठी वाटते की पहिल्यांदा पाहणारा हटकून थबकतो. पुढे पिरेअस वाढलं, वाफेच्या जहाजांना इथे थांबायची गरज उरली नाही, आणि पैसा निघून गेला. घरं मात्र राहिली.

निर्वासितांनी बरोबर काय आणलं याची एक खूण किमिसी चर्चमध्ये आहे, धक्क्यापासून फार लांब नाही. मरियमच्या महानिद्रेचं, म्हणजे मृत्यूचं, एक चित्र तिथे वर्षानुवर्षं धुरात काळवंडून टांगलेलं होतं. 1983 मध्ये त्यावरची सही वाचली गेली: दोमेनिकोस थेओतोकोपूलोस, म्हणजे जगप्रसिद्ध चित्रकार एल ग्रेको. संग्रहालयाच्या काचेमागे नाही, लोक मेणबत्ती लावायला येतात त्या चर्चमध्येच ते आहे. आत जाताना खांदे झाकलेले असू द्या आणि दानपेटीत काहीतरी टाका.

चौकात संध्याकाळी सातनंतर जा. दुपारी तीन ते साडेपाच गाव झोपतं, त्या वेळेत फिरलात तर गाव रिकामं आहे असंच वाटेल. बरीच दुकानं सोमवार, बुधवार आणि शनिवारी दुपारी बंद होतात ती त्या दिवशी पुन्हा उघडत नाहीत. मंगळवार, गुरुवार, शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा उघडतात. आईंना काही घ्यायचं असेल तर तसं बघून ठेवा.

आईंच्या जेवणाची काळजी करू नका, पण शब्द बरोबर वापरा. तिथे “शाकाहारी” म्हटलं की काही जण चिकनच्या रश्शातला भात पुढे ठेवतात आणि त्यांना त्यात काही चूक वाटत नाही. त्यापेक्षा निस्तीसिमो हा शब्द वापरा. ग्रीसमधले बहुतेक लोक ऑर्थोडॉक्स पंथाचे ख्रिश्चन, त्यांचे वर्षात पुष्कळ उपास असतात, त्यात मांस, अंडी, दूध काही चालत नाही. हा शब्द घरातल्या आजीपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळतो. एक खबरदारी: या उपासात शिंपले, कोळंबी आणि माकूळ चालतात. म्हणून पुढे जोडा: “खोरीस क्रेआस, खोरीस प्सारी, खोरीस थालासिना”, म्हणजे मांस नको, मासे नकोत, समुद्रातलं काही नको. मग जे ताटात येतं ते आईंना आवडेल. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि केपर नावाच्या झुडपाच्या खारवलेल्या कळ्या. यीगांदेस म्हणजे टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे वाल. येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, मात्र त्यात खिमा नाही ना हे विचारून घ्या. ब्रिआम ही वांगी-बटाटा-भोपळ्याची भट्टीतली भाजी, खोर्ता ही उकडलेली रानभाजी, लिंबू पिळून. बडीशेपेच्या झाडाला ग्रीक लोक माराथो म्हणतात आणि तिच्या पाल्याची एक पोळी करतात, माराथोपिता. कुठे दिसली तर सोडू नका. मात्र सीरोसचं बडीशेप घातलेलं सॉसेज प्रसिद्ध आहे आणि ते डुकराचं असतं. बडीशेपेचा वास आला म्हणून फसू नका. सान मिखाली हे इथलं चीज उत्तम आहे. आई चीजमधल्या प्राणिज विरजणाबाबत कडक असतील तर ते टाळा.

गोडात लुकूमी घ्या. हीओसच्या निर्वासितांबरोबर ही कला इथे आली. पूर्वी पांढरे कपडे घातलेले विक्रेते टोपल्या घेऊन थेट बोटीवर चढत आणि बोट हलायच्या आत विकून उतरत. नीट केलेली लुकूमी साखर आणि स्टार्चची असते, जिलेटिनची नाही. गुलाबाची, बर्गामोट या सुवासिक लिंबाची किंवा हीओसच्या मास्तिक डिंकाची मागा. हाल्वादोपिता या इथल्या दुसऱ्या मिठाईत अंड्याचा पांढरा भाग असतो, तेव्हा ती आईंसाठी नाही.

आणखी एक शब्द सांगतो, कारण यावरून मराठी माणसाचा हमखास घोटाळा होतो. ग्रीकमध्ये “ने” म्हणजे हो. नाही म्हणायचं तर “ओखी”, आणि पुष्कळदा काहीच न बोलता नुसती मान वर झटकतात. तुम्ही जागा आहे का विचारलंत आणि माणूस “ने, ने” म्हणाला तर मागे फिरू नका, बसा.

चार दिवसांत काय करायचं याची यादी देत नाही. पण आनो सीरोसला चालत चढू नका, धक्क्याजवळून बस किंवा टॅक्सी मिळते. वर उतरा आणि गल्ल्यांतून जमेल तेवढंच खाली या, बाबांना वरच्या चहाच्या ठिकाणी बसवून ठेवलं तरी खालचं बंदर आणि समोरची तीनोस, मिकोनोस बेटं तिथून दिसतात. बूझूकी हे ग्रीक तंतुवाद्य वाजवणारे मार्कोस वाम्वाकारीस या वरच्या वस्तीतलेच, जन्म 1905 चा, कॅथलिक घरातला. त्यांचं लहानसं संग्रहालयही तिथे आहे. या बेटावर कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स दोघं ईस्टर एकाच दिवशी पाळतात, आणि जगात इतरत्र हे सहसा होत नाही.

पोहायचं असेल तर गावातच आयोस निकोलाओस चर्चच्या मागे, वापोरिया भागात समुद्रालगत सिमेंटचे ओटे केले आहेत. शिडीने थेट खोल पाण्यात उतरायचं असतं, म्हणून पोहता येणाऱ्यांनीच. आई-बाबांना पाण्यात पाय भिजवायचे असतील तर बसने पश्चिमेच्या किनीला न्या. साधारण 9 किलोमीटरवर आहे, वाळू आहे, आणि सूर्यास्त समुद्रात होतो. एक दिवस तीनोसला जाऊन या, बोटीने अर्धा तास. तिथल्या पानागीया (मरियमच्या) चर्चपर्यंत धक्क्यावरून सरळ चढ आहे आणि नवस केलेली माणसं तो गुडघ्यांवर चढतात, त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला गालिचा अंथरलेला असतो. आईंना लोटांगण आठवेल. वारा वाढलेला असेल त्या दिवशी मात्र तीनोसचा बेत करू नका, परतीची बोट हुकली तर रात्र तिकडेच काढावी लागेल.

परतायच्या आदल्या संध्याकाळी तिकिटाच्या कचेरीत जाऊन विचारा की उद्याची बोट सुटणार ना. कचेऱ्या धक्क्यासमोरच आहेत. सकाळी बोटीच्या वेळेच्या अर्धा तास आधी धक्क्यावर या, कारण बोट थांबत नाही. चढताना बॅगा पिरेअसच्या फळीवर ठेवा, आई-बाबांना खुर्चीवर बसवा, आणि तुम्ही दोघं वर मागच्या डेकवर जा. दोरखंड सुटले की नांगराची साखळी आत येऊ लागते आणि बोट धक्क्यापासून दूर सरकते. तेव्हा डावी-उजवीकडच्या दोन्ही टेकड्या, एकीवर कॅथलिक कॅथेड्रल आणि दुसरीवर ऑर्थोडॉक्स घुमट, एका नजरेत मावतात. दक्षिणेला निओरिओनची तरंगती गोदी दिसेल. तिच्यात एखादं जहाज चढलेलं असलं तर बाबांना खालून बोलावून आणा.